नौदलात गेलेल्या मुलीला बाळंतपणाची रजा मिळते का?

गोव्यात दाबोळीला ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ आहे. तरीही पेडणे-डिचोलीकडे मुलगी नौदलात जाते म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतो: ‘रजा अधिकारी बायकांना. बाकीच्यांनी मूल झालं की घरी बसायचं.’

हे खोटं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी महिला सैनिक, नौसैनिक आणि वायुसैनिकांना अधिकाऱ्यांइतकीच रजा मंजूर केली. पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रत्येकी १८० दिवस, पूर्ण पगारी. एक वर्षाखालचं मूल दत्तक घेतलं तरी १८० दिवस. शिवाय मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून ३६० दिवसांची बालसंगोपन रजा.

गैरसमजाला मूळ मात्र आहे. लष्करी परिचर्या सेवेत लग्न केल्यास नोकरी जाई. तसा १९७७ चा नियमच होता आणि तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९८८ मध्ये अशीच काढलेल्या एका परिचारिकेला ६० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. उशिराच, पण सांगितलं.

अग्निवीरांचं, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्यांचं, वेगळं: चार वर्षं लग्नालाच मनाई, मुलग्यांनाही.