बालवाडीच्या बाई किती शिकलेल्या असाव्यात?

करवीर तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मध्यंतरी तासभर बसले होते. सेविकाताईंनी चटईवर चिंचोके आणि गजगे एकत्र ओतले. चार वर्षांची एक मुलगी ते निवडता निवडता थांबली. फुटका चिंचोका पुढे करून म्हणाली, "ह्यो कुठं ठिवू?" ताईंनी विचारलं, "तुला काय वाटतंय?" बऱ्याच विचारानं फुटक्यांची तिसरी रास झाली. ताई दहावी शिकलेल्या. शहरातल्या एका नर्सरीत पदवीधर बाई याच वयाच्या मुलांकडून 'क' गिरवून घेताना मी पाहिल्या आहेत. म्हणून शिक्षण बिनकामाचं, असं मी म्हणणार नाही. हा गुंता जुना आहे.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण शाळेच्या वयाआधीचं मूल त्या कायद्यात नव्हतं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातही हक्क सहाव्या वर्षापासूनच आला. कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्या या वर्षांसाठी शिक्षिका कशी असावी, हे मग कायद्यानं नीट ठरवलंच नाही.

ज्यांनी ठरवलं, त्या ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य. तरीही 1923 मध्ये ते पद सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या आणि मुलांमध्ये बसून नव्यानं शिकल्या. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पदवी त्यांच्याजवळ होतीच. लहान मूल कसं शिकतं, याचं शिक्षण मात्र त्यांना वेगळं घ्यावं लागलं. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला सहकारी अनुताई वाघांसोबत त्यांनी बालवाडी थेट पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली.

'अंगणवाडी' हा शब्द पुढे सरकारी योजनेतही रुळला. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पण सेविका ठरली मानसेवी: पगार नाही, मानधन. पोषण आहार, वजनं, लसीकरण, गृहभेटी, रजिस्टरं आणि उरलेल्या वेळात शिक्षण. अशा कामाला पात्रता वाढवून दर्जा कुठून वाढणार?

संशोधनातही सरळ उत्तर मिळत नाही. अमेरिकेतल्या सात मोठ्या अभ्यासांची माहिती 2007 मध्ये एकत्र तपासली, तेव्हा शिक्षिकेची पदवी आणि वर्गाचा दर्जा यांत पक्कं नातं दिसलं नाही. 2017 च्या एका व्यापक आढाव्यात अनेक देशांतले अभ्यास घेतले, तेव्हा अधिक पात्रतेबरोबर दर्जाही चढता दिसला. मला यात विरोध वाटत नाही. पदवीत बालशिक्षण किती होतं आणि नोकरीत लागल्यावर हाताला धरून शिकवणारं कुणी होतं का, यावर सगळं ठरतं.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा शिक्षक घडवण्याचा दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी होता. प्राथमिक शाळा असली, तरी धागा तोच: शिकवणाऱ्याला घडवण्याचा.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका सुचवली. शिक्षण बरंचसं मोबाइल आणि दूरचित्रवाणीवरून, प्रत्यक्ष वर्ग महिन्यातून किमान एक. सुरुवात म्हणून ठीक. पण फुटका चिंचोका पुढे आला की उत्तर न देता थांबायचं, हे पडद्यावरून शिकवणं फार अवघड आहे.