फोल्डिंग रॉड घेताय? आधी जोड बघा

नागपुरातून गळ टाकायला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचा प्रश्न ठरलेला: सॅकमध्ये मावेल असा फोल्डिंग रॉड सांगा. उत्तरही ठरलेलं: टेलिस्कोपिक घ्या भाऊ, सगळ्यात लहान होतो. हे उत्तर ऐकून आता कान किटलेत. टेलिस्कोपिक आणि चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्यातला फरक लांबीचा नाहीच.

लांबीचं आधी उरकून टाकू. सात फुटी रॉड म्हणजे साधारण २१३ सेंमी. त्याचे चार तुकडे केले की जोडाची जागा धरून एकेक तुकडा ५६-५७ सेंमीचा होतो. त्याच लांबीचे बरेचसे टेलिस्कोपिक मिटल्यावर ४५ ते ६० सेंमी भरतात. फार तर अर्ध्या वितीचा खेळ. गणेशपेठहून सुटणाऱ्या एसटीत दोन्ही मांडीवर धरून बसता येतं. कार्बन की फायबर, मूठ कॉर्कची की फोमची, हे पर्याय दोन्हींत मिळतात. त्यावर वेळ घालवू नका.

खरी गोम जोडात आहे. टेलिस्कोपिक सगळ्यांनी पाहिलाय: ट्रान्झिस्टरच्या अँटेनासारखी बारीक नळी जाड नळीतून बाहेर येते आणि ओढली की आवळून बसते. तुकड्यांच्या रॉडमध्ये वरचा तुकडा खालच्यावर दाबून बसवतात. म्हणजे एकाचा जोड ओढल्याने घट्ट होतो, दुसऱ्याचा दाबल्याने.

आता मासा लागलाय असं धरा. दोरा रिंगांतून रीलकडे ताणला जातो, तेव्हा तो शेंड्याला बुंध्याकडे दाबत असतो. तुकड्यांचा जोड या दाबाने आणखी पक्का होतो. टेलिस्कोपिकचा सुटायला बघतो. रॉड माशाच्या रोखाने सरळ झाला आणि त्याच वेळी मासा उसळला, की वरची नळी खटकन आत जाऊ शकते. फेकताना बरोबर उलटं. फेकीचा झटका शेंड्याला बाहेर ओढतो. त्याने टेलिस्कोपिकचे जोड दिवसभर आवळत जातात आणि संध्याकाळी मिटता मिटत नाहीत. तुकड्यांचे जोड मात्र हळूहळू ढिले पडतात, आणि लक्ष नसेल तर शेंडा दोऱ्यावरून सरकत थेट पाण्यात. म्हणून तुकड्यांचा रॉड हातात असला की अधूनमधून जोड चाचपायचे. सवयीचा भाग आहे. अडकलेल्या टेलिस्कोपिकला लोक पक्कड लावतात, नळी चिरते आणि मग दुकानदाराला शिव्या. रबरी हातमोजे घाला, दोन्ही हात जोडाच्या अगदी जवळ ठेवा, पिळत ढकला. उघडताना शेंड्याकडून, मिटताना बुंध्याकडून. आणि तलवार उपसल्यासारखा झटका देऊन रॉड उघडणाऱ्यांना माझा नमस्कार.

दुसरी गोष्ट रिंगांची, तीही जोडातूनच येते. टेलिस्कोपिकमध्ये रिंग बहुतेक नळीच्या टोकालाच बसू शकते. मध्ये पक्की बसवली तर नळी आत जाणार कशी? तुकड्यांच्या रॉडला रिंगा हव्या तिथे लावता येतात, शेंड्याकडे दाटीने. मग रॉड वाकला की दोराही त्याच कमानीने जातो, ताण सगळीकडे वाटला जातो. आणि घडी जितकी लहान, तितक्या नळ्या जास्त, तितके जोड जास्त. म्हणून ३०-३५ सेंमीत मिटणारा ‘पॉकेट’ टेलिस्कोपिक मी कुणाला सुचवत नाही.

माझं मत सरळ आहे. मरळीसाठी चार तुकड्यांचाच. शेवाळावरून आमिषाचा रबरी बेडूक ओढायचा, मरळीने तोंड मारलं की करकचून झटका द्यायचा आणि तिला गवतातून बाहेर काढायचं, हे काम आत सरकणाऱ्या जोडांचं नाही. कणकेचा गोळा लावून रोहू-मृगलची वाट बघत बसायचं असेल तर टेलिस्कोपिक चालेल, उलट सोयीचाच: दोरा ओवलेला राहतो, अर्ध्या मिनिटात तयार. फक्त कन्हानसारख्या नदीत वाळूवर टेकवू नका. वाळूचा कण नळ्यांच्या मध्ये गेला की दर उघडझापीला ओरखडे. बुंध्याची टोपी फिरवून काढा, नळ्या बाहेर घ्या, साध्या पाण्याने धुवा, सुकवा.

तुकड्यांचा रॉड घेतलेल्यांचंही एक खूळ आहे. काही रॉडमध्ये खालच्या तुकड्यातून खुंटी बाहेर येते. त्या जोडावर काही मिलिमीटर फट उरते. ती मुद्दाम ठेवलेली असते; खुंटी झिजली की वरचा तुकडा आणखी खाली बसायला जागा हवी म्हणून. लोक तिला डिफेक्ट समजतात आणि ठोकून ठोकून बंद करतात. त्यापेक्षा खुंटीवर मेणबत्ती घासा, पकड चांगली येते.

लांब जायचं असेल तर जास्तीचा शेंडा सोबत मिळणारा चार तुकड्यांचा रॉड बघा. गोसीखुर्द धरणाच्या काठावर शेंडा मोडला तर दुसरा लावता येतो. टेलिस्कोपिकचा मोडला की तिथल्या तिथे फारसं काही करता येत नाही.

तोतलाडोह धरणावर कोणता चालेल, असंही विचारतात. कोणताच नाही. ते पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. बाकी धरणा-तलावांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो, तेव्हा रॉड उघडण्याआधी त्यांना विचारा.