कॅमेरा घेण्याआधी खिडकी बघा

माझ्या पहिल्या लघुपटात एक प्रसंग होता. म्हातारी खिडकीशी बसून पत्र वाचतेय आणि बाहेर आभाळ भरून आलंय. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर सगळं झकास दिसलं. संकलनाला बसलो तर आभाळाच्या जागी पांढराफटक चौकोन! ढग नाहीत, गजांच्या कडाही उजेडाने खाल्लेल्या. पांढरं खाली आणून पाहिलं तर त्याचं राखाडी झालं, पण ढग काही परत आले नाहीत. तेव्हापासून ‘सिनेमासारखं दिसायला कुठला कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं, की तो किती ‘के’चा आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीत किती हजार बिंदू आहेत, याची चौकशी मी सगळ्यात शेवटी करतो.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो, प्रकाश टिपणारी चिप. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक रांजण समजा. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन साठतात. रांजण काठोकाठ भरला की पुढचं सगळं वाया. मग प्रकाश दुप्पट येवो की दसपट, नोंद एकच: पूर्ण पांढरं. फिल्मचं तसं नव्हतं. तिच्यावर सिल्व्हर हॅलाइडचे लहानमोठे कण असतात. मोठे कण थोड्याशा प्रकाशानेही जागे होतात, बारीक कणांना जास्त लागतो. त्यामुळे उजेड वाढत गेला तरी फिल्मचा प्रतिसाद एकदम तुटत नाही, मंदावत जातो. दिव्याभोवतीचा उजेड कडेला विरघळल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, असं या धंद्यातलं माप आहे. रंगीत निगेटिव्ह तेरा-चौदा स्टॉपचा फरक पोटात घेते. डिजिटलमध्ये ही मजल गाठणारा कॅमेरा, अ‍ॅरीचा अ‍ॅलेक्सा २०१० साली आला. त्याच्या सेन्सरवर चित्रासाठी वापरले जात २८८० गुणिले १६२० बिंदू, म्हणजे ४के सोडाच, ३केच्याही आत. पण एकेक बिंदू ८.२५ मायक्रॉनचा, चांगला ऐसपैस रांजण. मोठमोठे चित्रपट त्याच्यावर वर्षानुवर्षं निघाले आणि बिंदू कमी पडले म्हणून कुणी तिकीट परत मागितलं नाही.

सेन्सरने चौदा स्टॉप पकडले तरी ते फाइलमध्ये मावायला हवेत. सेन्सर मोजतो सरळ हिशेबाने, त्यामुळे सगळ्यात उजळ एकटा स्टॉप निम्मे आकडे बळकावतो, त्याखालचा पाव, आणि सावलीपर्यंत पोचेस्तोवर हातात काही उरत नाही. यावर तोडगा म्हणजे ‘लॉग’. त्यात प्रत्येक स्टॉपला साधारण सारखा वाटा मिळतो. चित्रीकरणाच्या वेळी हे चित्र फिकट, धुतल्यासारखं दिसतं. रंग नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे संगणकावर रंग-उजेड जुळवताना, भरायचा. मात्र ८ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या एकूण पायऱ्याच २५६. चौदा स्टॉपमध्ये वाटल्या तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम अठरा येतात. ग्रेडिंगमध्ये जरा ताणलं की निळ्या आकाशावर पट्टे उमटतात, गालावरची सावली नकाशासारखी दिसू लागते. १० बिटला पायऱ्या १०२४, म्हणजे स्टॉपमागे सुमारे त्र्याहत्तर. म्हणून कॅमेऱ्यात लॉग असेल पण १० बिट नसेल, तर त्या लॉगच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट हालचालीची. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर निघत, वेग कमीजास्त होई. आवाज आल्यावर वेग पक्का ठेवणं भाग पडलं आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चौकटी (म्हणजे २४ सुटी चित्रं) ठरल्या: आवाज नीट यावा आणि फिल्मही फार खर्च होऊ नये, यातली ती तडजोड. पुढे व्हिडिओ सेकंदाला ५० किंवा ६० अर्धचित्रं (प्रत्येकात चित्राच्या एकाआड एक ओळी) घेऊ लागला. त्याची गुळगुळीत हालचाल पाहिली की डोळा लगेच ओळखतो, ही बातमी किंवा मालिका. २००२ साली पॅनासॉनिकच्या डीव्हीएक्स१०० ने परवडणाऱ्या कॅमकॉर्डरमध्ये २४ चौकटी आणल्या तेव्हा स्वतंत्र चित्रपट करणाऱ्यांना इतका आनंद झाला, तो यासाठी.

नुसत्या २४ चौकटी पुरत नाहीत. प्रत्येक चौकटीच्या निम्मा वेळ शटर उघडं हवं, म्हणजे १/४८ सेकंद. बऱ्याच कॅमेऱ्यांत १/५० लावतात. त्याने हलणारा हात किंचित पुसट होतो आणि चौकटी एकमेकींत मिसळतात. शटर १/५०० वर नेलं की तोच हात तुटक तुटक उड्या मारतो. पण १/५० धरून बसलात की भर उन्हात पंचाईत होते. कित्येक कॅमेऱ्यांत लॉगसाठी आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० च्या खाली नेता येत नाही. मग स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र हिशेबाने एफ/६४ वर न्यावं लागेल (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) आणि तेवढं बारीक छिद्र बहुतेक लेन्सना नसतंच. एफ/२.८ वर राहायचं तर नऊ स्टॉप प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लागतो. तो कॅमेऱ्यातच बसवलेला असेल तर चार पैसे जास्त मोजावेत. भिंगापुढे काचा बदलण्यात ऊन निघून जातं.

धूसर पार्श्वभूमीचं वेड २००८ नंतर पसरलं. कॅननच्या ५डी मार्क टू या फोटो कॅमेऱ्याने ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर व्हिडिओ दिला आणि एरवी व्हिडिओत न दिसणारा तो मऊ धूसरपणा स्वस्तात हाती आला. पण हिशेब करा. अशा सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स, एफ/१.८, माणूस दीड मीटरवर: फोकसमध्ये राहतात फक्त दहा सेंटिमीटर. नट जरा पुढे झुकला की डोळे गेले. जुन्या कॅमकॉर्डरच्या १/३ इंची सेन्सरवर तेवढंच दृश्य त्याच एफ/१.८ ला घेतलं तर पाऊण मीटर मिळत असे. फोकस सांभाळायला वेगळा माणूस नसेल तर सुपर ३५, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर मला जास्त समंजस वाटतो. सिनेमाच्या फिल्मवरची चौकटही साधारण तेवढीच असे.

कॅमेरा एक दिवस भाड्याने मिळाला तर त्याला खिडकीसमोर आणा. चेहरा नीट दिसेल इतकं एक्स्पोजर ठेवा आणि बाहेरचे ढग शाबूत राहतात का ते मोठ्या पडद्यावर बघा. मग कॅमेरा दाराच्या चौकटीवरून झपकन आडवा फिरवा. बहुतेक सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचले जातात; काहींना त्यासाठी २० ते ३० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात उभी चौकट तिरकी पडते. किती तिरकी पडली ते थांबवून पाहा. शेवटी अर्धा तास सलग चालू ठेवा, कारण काही कॅमेरे तापून मध्येच बंद पडतात आणि ते नेमके चांगल्या टेकच्या वेळी.