पोलीस प्रमुखांचा निरोप : परेड, पदक आणि सेवेची नोंद

पोलीस खात्यात निरोप महिनाअखेरीला असतात. जिल्हा मुख्यालयाच्या सभागृहात त्या महिन्यात सेवानिवृत्त होणारे हवालदार, सहायक फौजदार, निरीक्षक सपत्नीक पुढच्या रांगेत बसलेले असतात. पोलीस अधीक्षक प्रत्येकाला शाल-श्रीफळ देतात, दोन शब्द बोलतात आणि फोटो निघतो. महिनाअखेर ठरण्यामागे सेवानियम आहे. जन्मतारीख कोणतीही असो, निवृत्ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जन्म एक तारखेचा असेल तर मात्र आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलेल्या पिढीतली माणसं म्हणूनच ३१ मे रोजी घाऊक निवृत्त होतात.

महाराष्ट्रात राज्य सेवेतला पोलीस अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो, आयपीएस अधिकारी साठाव्या वर्षी. केंद्राने ५८ चं वय ६० केलं ते १९९८ मध्ये. राज्याचे पोलीस महासंचालक किंवा मुंबईचे पोलीस आयुक्त निवृत्त होतात तेव्हा सोहळा सभागृहातून मैदानावर येतो. सशस्त्र तुकड्या, ध्वज, बँड, 'सलामी शस्त्र'चा हुकूम. साहेब उघड्या जीपमधून तुकड्यांची पाहणी करतात, मग मंचावर उभं राहून शेवटची सलामी घेतात. त्यानंतर कार्यालयात नव्या प्रमुखांच्या हाती बॅटन जाते आणि 'चार्ज दिला' एवढ्या दोन शब्दांत तीस-पस्तीस वर्षांची नोकरी संपते.

काही ठिकाणी निघतानाची गाडी हाताखालचे अधिकारी दोरखंडाने ओढत फाटकापर्यंत नेतात. तमिळनाडूचे पोलीस महासंचालक सी. शैलेंद्र बाबू जून २०२३ मध्ये निवृत्त झाले तेव्हाचं असं दृश्य देशभर पाहिलं गेलं. ब्रिटिश पलटणींत कमांडिंग ऑफिसरला असाच निरोप देण्याची चाल आहे. परेडचा उगमही लष्करीच. १८५७ नंतर आलेल्या १८६१ च्या पोलीस कायद्याने इन्स्पेक्टर जनरलच्या हाताखाली पोलिसांची उतरंड बांधली, आणि तिचा साचा नागरिकांच्या सेवेपेक्षा हुकमतीसाठी घडवला. पलटणीचा कवायतीचा शिष्टाचार त्या साच्यातूनच पोलिसांकडे आला. सलामी पदाला असते. समोर कोण उभा आहे, त्याने काय केलं, याच्याशी तिचा संबंध नसतो. चांगल्या प्रमुखाला आणि सुमार प्रमुखाला मैदानावर सारखीच परेड मिळते, आणि शिस्तीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

व्यक्तीच्या कामाची दखल घेण्यासाठी पदकं आली. ब्रिटिश साम्राज्यात १९०९ मध्ये 'किंग्ज पोलीस मेडल' सुरू झालं, १९३२ मध्ये त्याच्या जोडीला 'इंडियन पोलीस मेडल' आलं. प्रजासत्ताक झाल्यावर १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींच्या नावाने पोलीस पदकं स्थापन झाली. शौर्यासाठी वेगळी, विशिष्ट आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी वेगळी. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रांकडे येणाऱ्या लांबलचक याद्या त्यांच्याच. पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक दल व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांची मिळून सोळा पदकं झाली होती. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनापासून ती चारवर आणली गेली.

या याद्यांमध्ये एक फरक फार बोलका आहे. शौर्यपदक मिळालं की राजपत्रात त्या घटनेचं वर्णन छापलं जातं: कुठे, कोणत्या दिवशी, समोर कोण होतं, जवानाने काय केलं. सेवापदक मिळालं की फक्त नाव आणि हुद्दा. गोळीबाराच्या दहा मिनिटांना परिच्छेद मिळतो आणि पंचवीस वर्षांच्या सेवेला एक ओळ. दहा मिनिटांच्या त्या शौर्याचं मोल कमी करायचं नाही. पण दंगल पेटू न देणारा अधिकारी, तपासाची पद्धत सुधारणारा अधिकारी, शिपायांच्या घरांसाठी वर्षानुवर्षं फायली ढकलणारा अधिकारी आपल्या सार्वजनिक स्मृतीत कुठेच उरत नाही, याचं एक कारण ही एक ओळ आहे असं मला वाटतं.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडली. १९८० च्या दशकात राज्याराज्यांत पोलीस प्रमुखाचं पद महासंचालक दर्जाचं झालं आणि त्या खुर्चीचं राजकीय मोल वाढलं. ज्येष्ठतेचा मान राखायचा म्हणून निवृत्तीला काही महिने उरलेल्या अधिकाऱ्याला प्रमुख करायचं, किंवा मर्जी फिरली की हलवायचं, हे सर्रास होऊ लागलं. अशा प्रमुखाच्या निरोपात गौरव करण्याजोगं काम कुठून येणार? जेमतेम जिल्हे फिरून होतात तोवर परेडची तयारी सुरू.

याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते एक निवृत्त पोलीस अधिकारीच. प्रकाश सिंह उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस प्रमुख होते, सीमा सुरक्षा दलाचे महासंचालक होते. १९९६ मध्ये त्यांनी याचिका केली आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल लागला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून राज्याने प्रमुख नेमावा आणि निवृत्तीची तारीख मध्ये आली तरी त्याला किमान दोन वर्षं द्यावीत, असं न्यायालयाने सांगितलं. राज्यांनी त्यातूनही वाटा काढल्या. कोणी प्रभारी प्रमुख नेमला, कोणी अगदी निवृत्तीच्या तोंडावर नेमून दोन वर्षं पदरात टाकली. म्हणून जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने प्रभारी प्रमुख नेमण्याला मनाई केली, आणि मार्च २०१९ मध्ये किमान सहा महिने सेवा शिल्लक असलेल्यांचाच विचार व्हावा असं स्पष्ट केलं. सीबीआयच्या संचालकाला दोन वर्षांची हमी त्याआधीच, डिसेंबर १९९७ च्या विनीत नारायण निकालाने मिळाली होती. निरोपाला अर्थ यायचा तर आधी कार्यकाळ हवा, हे या निकालांमुळे कागदावर तरी आलं.

कार्यकाळ मिळाला तर एक माणूस काय करू शकतो, यासाठी खुस्रो फरामर्झ रुस्तमजी यांच्याकडे पाहावं. जन्म १९१६ चा, नागपूरजवळच्या कामठीचा. १९३८ मध्ये मध्य प्रांतात पोलीस सेवेत आले. १९५२ पासून सहा वर्षं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यानंतर ते मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख झाले. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात सरदार चौकीवर पाकिस्तानी हल्ला झाला आणि सीमेवर प्रत्येक राज्याचे वेगवेगळे सशस्त्र पोलीस ठेवण्याची पद्धत किती कच्ची आहे हे उघड झालं. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभं राहिलं ते रुस्तमजींच्या हाताखाली, राज्यांकडून आलेल्या सुमारे पंचवीस बटालियन घेऊन. भाषा, शिस्त, गणवेश, पगार यांत मेळ नसलेल्या त्या तुकड्यांतून सहा वर्षांत असं दल तयार झालं, की १९७१ मध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या प्रशिक्षणात त्याचा मोठा वाटा होता. १९७४ पर्यंत, म्हणजे जवळपास नऊ वर्षं, ते त्या पदावर राहिले. आज हा आकडा अविश्वसनीय वाटतो.

पण माझ्या लेखी त्यांची सर्वांत मोठी कामगिरी गणवेश उतरवल्यानंतरची आहे. १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून ते बिहारच्या तुरुंगांत गेले. गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा असते त्याहून जास्त काळ खटल्याविना कोठडीत सडणारे कच्चे कैदी त्यांना तिथे दिसले. त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये त्यावर लिहिलं. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे त्यात ठरलं, हजारो कच्चे कैदी सुटले आणि देशात जनहित याचिकांची वाट रुळली. आयुष्यभर माणसं तुरुंगात पाठवण्याचं काम केलेल्या अधिकाऱ्याने तुरुंगाचं दार उघडायला लावलं! १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. सध्याच्या नियमांनुसार डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडले तर सेवेतल्या सरकारी नोकराला पद्म पुरस्कार मिळत नाही, त्यामुळे पोलीस अधिकाऱ्याचा असा गौरव निवृत्तीनंतरच व्हायचा.

गुप्तचर खात्यातल्यांचा निरोप आणखी वेगळा. तिथे मैदान नाही, बँड नाही. १९५० ते १९६४ या काळात इंटेलिजन्स ब्युरोचे संचालक असलेल्या बी. एन. मलिक यांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी अनेक खंडांत लिहिल्या. त्याच खात्यात वाढलेले रामेश्वरनाथ काव नेमके उलट. सप्टेंबर १९६८ मध्ये 'रॉ'ची स्थापना झाली तेव्हापासून १९७७ पर्यंत ते तिचे प्रमुख होते, बांगलादेश युद्धाच्या काळात पंतप्रधानांच्या अगदी जवळच्या वर्तुळात होते. तरी २००२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी आत्मचरित्र छापलं नाही, मुलाखती जवळपास दिल्याच नाहीत. त्या मौनाचा खात्यात आजही आदराने उल्लेख होतो.

पुढे ते मौन नियमात आलं. निवृत्तीवेतनाच्या नियमांत २००८ मध्ये बदल झाला आणि मे २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. गुप्तचर किंवा सुरक्षा संस्थेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला त्या संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही प्रसिद्ध करायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. नियम मोडला तर निवृत्तीवेतन थांबू शकतं. चालू मोहिमा, खबरे, पद्धती झाकून ठेवणं आवश्यकच आहे, त्यावर वाद नाही. मात्र तीस वर्षांपूर्वीच्या कामाचीही नोंद बाहेर येणार नसेल, तर त्या माणसांचा गौरव करायला आपल्याकडे ऐकीव किस्से आणि पडद्यावरचे नायक एवढंच उरतं. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखालच्या नियमांत पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागाराकडे देण्याची तरतूद आहे, आणि संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धांच्या कागदपत्रांबाबत असंच धोरण जाहीर केलं. पोलीस आणि केंद्रीय सुरक्षा दलांच्या प्रमुखांबाबत याहून लवकर काही करता येईल. निरोपाच्या दिवशीच गृह विभागाने एका पानाची सेवानोंद प्रसिद्ध करावी: कोणत्या पदावर किती काळ, कोणती व्यवस्था उभी केली, कोणत्या तपासात काय निष्पन्न झालं, हाताखालच्या माणसांसाठी काय केलं. आणि न्यायालयाने कधी ताशेरे ओढले असतील, तर तेही त्याच पानावर.