“रक्त पातळ व्हायची 75 ची द्या” म्हणणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

नमस्कार मंडळी. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, जिना चढताना पोटऱ्या भरून येतात म्हणून रोजची गोळी चालू असलेली बरीच माणसं आपल्या गिरगावच्या दुकानात येतात आणि काउंटरवर एकच म्हणतात, रक्त पातळ व्हायची 75 ची द्या.

आता अ‍ॅस्पिरिन पण 75 ची येते आणि क्लोपिडोग्रेल पण 75 चीच. दोन्ही प्लेटलेट्सना, म्हणजे रक्तातल्या गुठळी करणाऱ्या कणांना, एकमेकांना चिकटू देत नाहीत, पण औषधं वेगळी, एकीच्या जागी दुसरी आम्ही मनाने देत नाही. “अ‍ॅस्पिरिन स्वस्त आहे, तीच द्या” असंही काहीजण म्हणतात, पण 1996 सालच्या कॅप्री नावाच्या मोठ्या चाचणीत पायाच्या पेशंटना क्लोपिडोग्रेलचा फायदा जास्त दिसला होता, तेव्हा डॉक्टरांनी ती लिहिली असेल तर काहीतरी विचार करूनच लिहिलीय ना.

सगळ्यात वेळ जातो तो कापलेल्या स्ट्रिपमुळे. मध्यंतरी एक काका दोन गोळ्यांचा तुकडा घेऊन आले, फॉइलवर नुसतं “ए 75” उरलेलं. क्लोपिडोग्रेलच्या ब्रँडच्या नावापुढे असा ए असला की बहुतेक वेळा आत अ‍ॅस्पिरिनही असते, आणि काका वर इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, वेगळी घेत होते! घरून फाइल मागवली, डॉक्टरांना फोन केला, अर्धा तास गेला, मागे लाइन लागली, पण डबल अ‍ॅस्पिरिन थांबली. पोटात रक्तस्राव झाला असता तर केवढ्याला पडलं असतं.

म्हणून आम्ही चिठ्ठी मागतो, राग मानू नका. क्लोपिडोग्रेल शेड्यूल एच या सरकारी यादीतली आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाही. आणि चिठ्ठी ताजी हवी, कारण पायाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकल्यावर डॉक्टर काही महिने दोन्ही गोळ्या देतात, पुढे सहसा एकच ठेवतात.

“पाय तर दुखतोच, मग गोळी कशाला” म्हणून बंद करू नका हो. ही गोळी दुखणं थांबवायला नाहीच, गुठळी होऊन हार्ट अटॅक किंवा लकवा येऊ नये म्हणून आहे, दुखण्यासाठी डॉक्टर चालायचा व्यायाम सांगतात तो वेगळा. दात काढायचा असेल तरी आपणहून थांबवू नका, आधी विचारा. अ‍ॅसिडिटीची किंवा अंगदुखीची गोळी मागतानाही क्लोपिडोग्रेल चालू आहे हे सांगा, अ‍ॅसिडिटीवरच्या ओमेप्राझोलने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो.

चिठ्ठीचा पूर्ण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात की आम्ही तुमच्या नावाने ठेवतो, गोळ्या संपायच्या चार दिवस आधी फोन करतो, गिरगाव-ग्रँट रोडला घरपोच देतो, त्याचे पैसे नाहीत. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी मात्र निघायच्या दोन दिवस आधीच सांगा, बॅगा भरून झाल्यावर रात्री साडेनऊला नको, तुमचाच ब्रँड संपलेला असला तर मागवायला आम्हाला एक दिवस लागतो.