टँकरची साखळी, अर्थिंगचा क्लॅम्प आणि 10 ओहम

टँकरच्या मागं रस्त्यावर घासत जाणारी लोखंडी साखळी सगळ्यांनी पाहिलेली असते आणि ती कशाला लावतात असं विचारलं की कुणीही सांगेल, अर्थिंगसाठी. एवढ्यावर थांबलं तर ठीक, पण पंपावर टँकर रिकामा करतानाही "साखळी आहे की खाली टेकलेली" असं म्हणून अर्थिंगची वायर, म्हणजे टोकाच्या क्लॅम्पनं (चिमट्यानं) टँकरला पंपावरच्या अर्थ पॉइंटशी जोडणारी तार, गुंडाळून कोपऱ्यात ठेवणारे आहेत, आणि ते खरंच धोक्याचं आहे. डांबरातून वीज वाहत नाही, कोरड्या काँक्रीटचा भरवसा नाही, साखळी टेकते ती एकदोन कड्यांवर आणि त्यांनाही चिखल-ग्रीस लागलेलं असतं. टायर तर रबराचेच.

आता मुळात वीज येते कुठून? थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ती स्थिर विद्युत आपल्याला माहीत असते, पण पाइपातून नुसतं पेट्रोल वाहिलं तरी ती तयार होते. पेट्रोलमध्ये अशुद्धीमुळे अगदी नगण्य आयन असतात, त्यातले एका प्रकारचे पाइपच्या भिंतीला धरून राहतात आणि उलट्या भाराचे प्रवाहाबरोबर पुढं वाहून जातात. पाण्यात हे दोघं क्षणात परत भेटले असते, पेट्रोल मात्र इतकं दुर्वाहक की त्याला वेळ लागतो. किती वेळ, तर त्याचं एक सोपं गणित आहे. इंधनाची वाहकता पिकोसिमेन्स प्रति मीटरमध्ये घ्या आणि 18 ला तिनं भागा, जेवढं उत्तर येईल तेवढ्या सेकंदांत भार साधारण 37 टक्क्यांवर येतो. वाहकता 50 असेल तर अर्धा सेकंदही लागत नाही, 1 असेल तर 18 सेकंद, आणि तेवढ्यात ते पेट्रोल भार घेऊन जमिनीतल्या टाकीत पोचलेलं असतं. मागं टँकरवर उलटा भार साचत जातो.

साचला तर काय बिघडलं? टँकरची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, साधारण 1000 पिकोफॅरड धरा, त्यावर 10,000 व्होल्ट चढले तर ठिणगीत 50 मिलिज्यूल ऊर्जा मिळते. पेट्रोलची वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पेटायला पाव मिलिज्यूल पुरते, म्हणजे 200 पट झाली. वाफ हवेपेक्षा तीनचार पट जड, त्यामुळे ती फिल पॉइंटच्या (जमिनीतल्या टाकीत पेट्रोल ओतायच्या तोंडाच्या) आसपास जमिनीलगतच रेंगाळते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे 10 ओहमचा नियम (ओहम हे विजेच्या वाटेतला रोध मोजायचं एकक). या स्थिर विजेचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो, आणि 1 मायक्रोअँपिअर 10 लाख ओहममधून गेला तरी व्होल्टेज येतं फक्त 1 व्होल्ट. म्हणजे भार वाहून जायला 10 लाख ओहमही चालले असते! मग टँकर आणि अर्थ पॉइंट यांच्यातली जोडणी 10 ओहमच्या आत का मागतात? कारण ती अख्खी धातूची आहे, आणि धातूची जोडणी धड असेल तर त्याहून जास्त रोध यायचं कारणच नाही. मीटरनं 500 दाखवले तर आज भार जाईलही, पण याचा अर्थ कुठंतरी गंज आहे, रंग आहे किंवा तारेचे पदर तुटत आलेत आणि ती उद्या पूर्ण तुटणार.

म्हणून क्लॅम्प घेताना त्याचे दात बघा. बॅटरीला लावायची चिमटी इथं उपयोगाची नाही, ती ऑइलपेंटच्या थरावर बसते आणि लावली एवढंच समाधान मिळतं. कडक स्प्रिंगचा, टोकदार दातांचा क्लॅम्प लावून काढला की रंगावर चकाकणारे बारीक ओरखडे दिसले पाहिजेत, म्हणजे तो धातूपर्यंत पोचला. परवडत असेल तर दिवा असलेली अर्थिंग सिस्टिम घ्या, ती रोध सतत तपासत असते आणि 10 ओहमच्या आत असेल तोवरच हिरवा दिवा दाखवते, काहींमध्ये जोडणी सुटली की इंधन ढकलणारा पंपही आपोआप बंद होतो.

टँकरमधून टाकीत पेट्रोल नेणाऱ्या होजच्या (लवचिक नळीच्या) आत तार असते आणि ती तुटली तर बाहेरून काही कळत नाही. दोन टोकांच्या कपलिंगमधला (धातूच्या जोडांमधला) रोध अधूनमधून मोजायचा, पण वाफ नसलेल्या जागी. टाकीतला फिल पाइप तळाजवळ पोचणारा हवा, वरून धबाधबा पडलं की भार वाढतो.

पेट्रोलमध्ये मिसळायला साखर कारखान्यांतून तेल कंपन्यांच्या डेपोत येणाऱ्या इथेनॉलचं आणखी वेगळं आहे. बंद टाकीत पेट्रोलची वाफ सहसा इतकी दाट असते की तिला पेटायला हवाच पुरत नाही, इथेनॉलची वाफ मात्र आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला टाकीच्या आतसुद्धा पेटण्याजोगी असते.

"उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, स्फोट होईल" हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड दरवर्षी फिरतो, इंडियन ऑइलनं खुलासा करूनही. तेवढ्याच जोरात प्लॅस्टिकच्या बादलीबद्दल सांगितलं गेलं पाहिजे. सॅम्पल काढायला प्लॅस्टिक नको, त्याला अर्थिंग करताच येत नाही, ॲल्युमिनियमचं भांडं वापरा. आणि बंपरवरच्या लिंबू-मिरचीनं इलेक्ट्रॉन हलत नाहीत, क्लॅम्पनं हलतात.

क्रमही पाळायचा. आधी क्लॅम्प, मग होज. काढताना आधी वॉल्व्ह बंद, मग होज, झाकणं लावून झाल्यावर शेवटी क्लॅम्प, कारण कुठंही ठिणगी उडायचीच असेल तर ती वाफ नसताना उडावी.