फोक्सवॅगन टी-३ व्हॅनमधील इंजिनबदल

फोक्सवॅगन कंपनीच्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनमधून मूळ इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या मॉडेलचे, पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचे, वापरलेले इंजिन बसवण्याची प्रथा. ही व्हॅन जर्मनीत हॅनोव्हरला १९७९ ते १९९० या काळात बनली. अमेरिकेत ती ‘व्हॅनागन’ नावाने विकली गेली.

प्रथेचे मूळ गाडीच्या घडणीतच आहे. रिकाम्या गाडीचे वजन दीड टनाच्या आसपास, तोंड सपाट, आणि सुरुवातीच्या १.६ लिटर डिझेल इंजिनाची ताकद जेमतेम ५० अश्वशक्ती. चढावर मागून येणाऱ्यांच्या सहनशक्तीची ती परीक्षाच असे. पेट्रोल गाड्यांत हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या जागी पुढे पाण्याने थंड होणारे आडव्या सिलिंडरांचे ‘वासरबॉक्सर’ इंजिन आले. अमेरिकेत १.९ लिटरचे इंजिन ८२ अश्वशक्ती देई. त्याचे दुखणे वेगळे होते. सिलिंडरांभोवतीचे पाण्याचे आवरण (जॅकेट) आणि सिलिंडरांवरचे ॲल्युमिनियमचे झाकण (हेड) यांच्यामध्ये गळती रोखणारे रबरी गॅस्केट असते. चुकीचे कूलंट (थंड करणारे द्रावण) वापरले की हेड तिथेच गंजते आणि पाणी झिरपू लागते. असे इंजिन पूर्ण उघडून बांधायचे तर खर्च मोठा, आणि हाती येते तीच जुनी ताकद. म्हणून मालक दुसरे इंजिन शोधू लागले.

अमेरिकेत सर्वाधिक पसंती सुबारूच्या २.२ लिटर ईजे-२२ इंजिनाला मिळाली. तेही आडव्या चार सिलिंडरांचे असल्याने मागच्या बुटक्या कप्प्यात मावते, फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सला हवे त्याच दिशेने फिरते आणि सुमारे १३० अश्वशक्ती देते. त्याचेच मोठे भावंड असलेले २.५ लिटरचे इंजिन जास्त ताकदीचे, पण त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीची हेड गॅस्केट गळण्याबद्दल ख्याती आहे. हेडच्या गळतीला कंटाळून इंजिन बदलणाऱ्याने ते घेण्यात फारसा शहाणपणा नाही.

कमी पैशांत काम करू पाहणारे बहुधा इंजिनाच्या किमतीकडे पाहतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. इंजिन स्वस्तात मिळते. पैसा जातो तो जोडणीवर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ॲडॅप्टर प्लेट लागते, जुळणारे फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे जड चाक) लागते. सुबारूचा ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) खाली लोंबतो, म्हणून तो कापून आखूड करावा लागतो किंवा तयार आखूड संप घ्यावा लागतो. रेडिएटर गाडीच्या पुढच्या टोकाला आणि इंजिन मागे, त्यामुळे पाण्याचे लांब पाइप पुन्हा जुळवावे लागतात आणि त्यांत अडकलेली हवा नीट काढावी लागते. सुबारूचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) पाणी इंजिनात शिरते त्या बाजूला असतो. त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचवणारी बायपासची वाट राखली नाही, तर तो उशिरा उघडतो आणि तापमानाचा काटा वरखाली नाचत राहतो. वेळ सर्वांत जास्त खाते ते वायरिंग. इंजिन ज्या गाडीतून काढले तिच्या हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) अनावश्यक तारा एकेक करून काढायच्या आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटला वेगाचा सिग्नलही द्यायचा. तो मिळाला नाही तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इंजिनाची आयडलिंग (गाडी उभी असतानाची संथ चाल) बिघडू शकते. म्हणून सुटे इंजिन घेण्यापेक्षा मागून ठोकर बसलेली, पण इंजिन शाबूत असलेली अख्खी गाडी विकत घेणे किफायतशीर ठरते: हार्नेस, कंट्रोल युनिट, सेन्सर सगळे एकाच गाडीचे मिळते, आणि इंजिन उतरवण्यापूर्वी चालवून पाहता येते.

मूळची डिझेल व्हॅन असेल, तर याहून स्वस्त वाट फोक्सवॅगनच्याच घरात सापडते. डिझेल टी-३ मध्ये इंजिन ५० अंशांत कलते बसवलेले असे. त्याचे माउंट (इंजिन टेकवण्याचे आधार) आणि संप वापरून त्याच घराण्यातले १.९ लिटरचे एएझेड टर्बो डिझेल बसवता येते. त्याचा पंप यांत्रिक असल्याने वायरिंगचा व्याप जवळपास नाहीच. ताकद ७५ अश्वशक्ती. उणीव एवढीच, की डिझेल व्हॅनचे गिअर आखूड असल्याने महामार्गावर इंजिन वरच्या फेऱ्यांत ओरडत राहते.

खुद्द कंपनीनेही हा खेळ खेळला. दक्षिण आफ्रिकेत या व्हॅनचे उत्पादन २००२ पर्यंत चालू होते आणि तिथे १९९० च्या दशकात तिच्यात ऑडी घराण्याचे पाच सिलिंडरांचे इंजिन आले. पोर्शने तर आपले ३.२ लिटरचे कॅरेरा इंजिन घालून मोजक्या गाड्या बनवल्या. त्यात काटकसरीचा प्रश्नच नव्हता.

कायदा देशागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात बदली बसवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे लागते, प्रदूषण-नियंत्रणाची त्याची सर्व साधने जोडलेली असावी लागतात आणि सरकारी यंत्रणेच्या ‘रेफरी’ म्हणवणाऱ्या तपासनिसाकडून तपासणी होते. ब्रिटनमध्ये इंजिनबदल वाहन नोंदणी विभागाला कळवावा लागतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफाराला मनाई करते. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसारख्या वेगळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी केलेल्या इंजिनबदलाला तिथे विहित अटींवर सवलत आहे.